फॅलसीची नावं पाठ करून काय होतं? – अनौपचारिक तर्कशास्त्राची तोंडओळख

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हल्ली कुठलाही वाद उघडा, पाचव्या-सहाव्या प्रतिसादाला कोणीतरी "ही ॲड होमिनेम आहे" (म्हणजे मुद्दा सोडून माणसावर हल्ला) म्हणून मोकळं होतं, मग समोरचा म्हणतो "तुमचा स्ट्रॉमॅन आहे" (म्हणजे माझं म्हणणं मोडूनतोडून मांडलंत), मग तिसरा येऊन दोघांना अजून एकेक लेबल चिकटवतो आणि मूळ मुद्दा जिथल्या तिथे. म्हणजे लॉजिक शिकून भांडण कमी व्हायच्या ऐवजी भांडणाला नवीन शिव्या मिळाल्या, एवढंच झालं. म्हणून हा धागा. विषय अनौपचारिक तर्कशास्त्र आणि चिकित्सक विचार, आणि माझं म्हणणं असं की यात सगळ्यात कामाची गोष्ट फॅलसीची, म्हणजे युक्तिवादातल्या चकव्यांची, यादी नाहीच, समोरच्याने जे वाक्य बोललंच नाही पण गृहीत धरलंय ते शोधून काढणं ही आहे. पटत नसेल तर खाली या, घाई नाही.

आधी थोडा फरक सांगतो. फॉर्मल लॉजिक सांगाडा बघतं. सगळे अ हे ब आहेत, क हा अ आहे, म्हणून क हा ब आहे, झालं, आत काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. "सगळे पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतं" याचा सांगाडा चोख आहे, आतला माल खोटा आहे. आता रोजच्या बोलण्यात प्रॉब्लेम असा की सांगाडा कधी पूर्ण दिसतच नाही, अर्धी वाक्यं गिळलेली असतात, शब्द सैल असतात, आणि बहुतेक वेळा "नक्कीच" नसून "बहुधा" असतं. त्यासाठी वेगळी हत्यारं लागतात.

ॲरिस्टॉटलने चकव्यांचे १३ प्रकार सांगितले होते, ६ भाषेमुळे होणारे आणि ७ भाषेबाहेरचे. नंतर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्ये व्यक्तीवर, अधिकारावर आणि अज्ञानावर बेतलेले युक्तिवाद वेगळे काढून दाखवले. पुढची पाठ्यपुस्तकं मात्र एकमेकांची कॉपी करत राहिली, तीच यादी तीच उदाहरणं, आणि १९७० मध्ये चार्ल्स हॅम्ब्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने याचे वाभाडे काढले की हे सगळं शिळं झालंय, यामागे धड थिअरीच नाही. त्याच्या आधी १९५८ मध्ये स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की खऱ्या आयुष्यातला युक्तिवाद गणितासारखा नसतो, कोर्टातल्या खटल्यासारखा असतो. दावा असतो, पुरावा असतो, आणि पुराव्यावरून दाव्याकडे जायची परवानगी देणारा एक नियम असतो जो बहुतेकदा कोणी बोलून दाखवत नाही. मग कॅनडात विंडसर विद्यापीठात राल्फ जॉन्सन आणि अँथनी ब्लेअर यांनी हा विषय रीतसर उभा केला, १९७८ मध्ये तिथेच यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. इतिहास इथे बास.

युक्तिवाद म्हणजे भांडण नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण युक्तिवाद आणि स्पष्टीकरण यात लोक फार गल्लत करतात. "रस्ता ओला आहे कारण रात्री पाऊस पडला" हे स्पष्टीकरण आहे, रस्ता ओला आहे यावर कोणाचा वाद नाही. "रात्री पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे" हा युक्तिवाद आहे, इथे पाऊस सिद्ध करायचाय. आणि इथेच विचारता येतं की टँकर गळून गेला असेल तर?

आता न बोललेलं वाक्य. एक उदाहरण नीट सोलून बघू.

"तो डॉक्टर स्वतः सिगरेट ओढतो, मग सिगरेट सोडा हे त्याचं कशाला ऐकायचं?"

झटकन ॲड होमिनेम म्हणायचा मोह होतो. थांबा. दावा काय? त्याचा सल्ला ऐकू नये. आधार काय? तो स्वतः पाळत नाही. मधे काय गिळलंय? "जो स्वतः पाळत नाही त्याचा सल्ला चुकीचा असतो." हे वाक्य उघड्यावर आणून ठेवलं की म्हणणाऱ्यालाच ते कसंसं वाटतं, कारण सिगरेटने फुप्फुसाचं काय होतं हे डॉक्टरच्या खिशात काय आहे त्यावर ठरत नाही. पण हेच थोडं बदला. "हा साक्षीदार आधी दोनदा खोटी साक्ष देताना पकडला गेलाय, याच्या शब्दावर विसंबू नका." इथेही बोट माणसाकडेच आहे, वरवर बघितलं तर तोच प्रकार. पण गिळलेलं वाक्य वेगळं आहे, "ज्याच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही त्याचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा असतो," आणि हे वाक्य कोणीही मान्य करेल. म्हणजे लेबल एकच लागलं असतं आणि एका ठिकाणी ते साफ चुकलं असतं. मी नावांच्या विरोधात का आहे ते यावरून कळावं.

ते वाक्य सापडलं की मग जॉन्सन-ब्लेअरचे तीन प्रश्न. आधार मान्य होण्यासारखे आहेत का? त्यांचा दाव्याशी संबंध आहे का? आणि संबंध असला तरी ते पुरेसे आहेत का? बहुतेक युक्तिवाद तिसऱ्यावर आपटतात पण लोक भांडतात पहिल्यावर, हे माझं निरीक्षण.

एक पथ्य मात्र पाळायचं. गिळलेलं वाक्य भरताना समोरच्याच्या तोंडी सगळ्यात मूर्ख वाक्य घालायचं नाही, त्याने मान्य केलं असतं असं सगळ्यात शहाणं वाक्य घालायचं. नाहीतर तुम्ही तुमच्याच डोक्यातल्या बुजगावण्याशी कुस्ती खेळताय.

बोला आता.

---

झुळूक

वाचतेय. डॉक्टरचं उदाहरण आवडलं. एक शंका, समोरच्याला विचारूनच का घ्यायचं नाही की बाबा तू मधे काय गृहीत धरलंयस? आपण कशाला भरत बसायचं?

---

आडवाट

@झुळूक, विचारायचंच, समोर असेल तर. तेच उत्तम. पण जाहिरात, अग्रलेख, भाषण, फॉरवर्ड यांना कुठे विचारणार? आणि बऱ्याचदा विचारलं तरी सांगता येत नाही, कारण त्या माणसालाही माहीत नसतं की आपण काय गृहीत धरलंय. "असं काही मी म्हटलंच नाही" हे उत्तर येतं आणि ते खरंही असतं, म्हटलं नाहीच.

---

गणोबा

धागा जड होण्याआधी एक खेळ. माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २-४-६ त्या नियमात बसतं. तुम्ही तीन-तीन आकडे द्या, मी फक्त बसतं / नाही बसत सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. गुगल करणाऱ्याला पाप लागेल.

---

रानवारा

८-१०-१२

---

गणोबा

बसतं.

---

रानवारा

५०-५२-५४ ?

---

गणोबा

हेही बसतं.

---

रानवारा

सोप्पंय राव. दोन-दोनने वाढणारे सम आकडे. पुढचा खेळ आणा.

---

गणोबा

नाही :) हा नियम नाही.

---

नैयायिक_नाना

आडवाट, लेख चांगला जमलाय पण सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करून आपल्याकडच्या लोकांना वगळलंत म्हणून चार ओळी लिहितो. "सगळं आपल्याकडे आधीच होतं" छापाचा माणूस मी नाही, पण न्यायसूत्रांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथात, अक्षपाद गौतमाने जे केलंय ते तुमच्या विषयाच्या अगदी मधोमध येतं.

पहिली गोष्ट, चर्चेचे तीन प्रकार. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते हवंय. जल्प म्हणजे जिंकायचंय, त्यासाठी छल (समोरच्याच्या शब्दांचा अर्थ मुद्दाम फिरवणं) वगैरे केला तरी चालेल. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू काही मांडायचीच नाही, समोरच्याचं फक्त पाडत राहायचं. आंतरजालावर वावरणाऱ्याला तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण द्यायची गरज नसावी. कुठला खेळ चाललाय हे कळल्याशिवाय नियम कुठले लावायचे ते कसं कळणार?

दुसरी गोष्ट, निग्रहस्थानं, म्हणजे कुठे माणूस वादात हरला असं धरायचं त्या जागा, एकूण २२. त्यातल्या दोन सांगतो. प्रतिज्ञांतर, म्हणजे अडचणीत आल्यावर मूळ दावा हळूच बदलायचा. आणि मतानुज्ञा, म्हणजे माझ्यावरच्या आरोपाला उत्तर न देता "तुझ्यातही तोच दोष आहे" म्हणायचं. गंमत अशी की तसं म्हणताच तुम्ही स्वतःवरचा आरोप मान्य केलेला असतो. हल्ली ज्याला व्हॉटअबाउटरी म्हणतात ना, तेच. "तुमच्या वेळी काय झालं होतं?" म्हणजे आमच्या वेळी झालंय हे कबूल.

तिसरी आणि तुमच्या न बोललेल्या वाक्याशी थेट संबंध असलेली. पंचावयव वाक्य. प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे. हेतू: कारण धूर दिसतोय. उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं चुलीत. उपनय: या डोंगरावर तसाच धूर आहे. निगमन: म्हणून डोंगरावर आग आहे. यातली तिसरी पायरी बघा. व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींची पक्की सांगड, ती बोलूनच दाखवायची आणि वर उदाहरणही द्यायचं, अशी सक्ती आहे. म्हणजे तुम्ही ज्याला गिळलेलं वाक्य म्हणता ते गिळायची परवानगीच नाही.

---

आडवाट

नाना, दंडवत. मतानुज्ञेचं मला एवढं नेमकं माहीत नव्हतं.

तुमच्याच उदाहरणाला जोडून एक, व्याप्तीची दिशा. जिथे धूर तिथे आग हे चालतं. उलटं, जिथे आग तिथे धूर, हे चालत नाही. न्यायवाले यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवतात, त्यात आग आहे पण धूर नाही. ही उलटापालट रोज होते. "यशस्वी लोक पहाटे उठतात" यावरून "पहाटे उठलात की यशस्वी व्हाल" वर उडी मारणारे किती व्हिडिओ बघितलेत आपण! पहाटे उठून अयशस्वी राहिलेल्यांची मुलाखत कोण घेणार, कोणी घेत नाही, म्हणून ते दिसत नाहीत.

---

रानवारा

गणोबा, १००-१०२-१०४ बसतं का?

---

गणोबा

बसतं. पण रानवारा, तुम्ही तिन्ही वेळा तेच विचारताय हो.

---

कडू_काढा

मी असहमत. नावांना एवढं का झोडपताय? नाव असलं की गोष्ट पटकन ओळखू येते. मुलाला "काहीतरी चुकतंय" असं सांगून काय कळणार, "घसरगुंडी" म्हटलं की एका क्षणात कळतं. आजाराचं नाव माहीत नसलेला डॉक्टर तुम्हाला चालेल का? नावं पाठ केली म्हणून बिघडत नाही, नावं वापरून तोंड बंद करायचा प्रयत्न केला की बिघडतं. हा नावांचा दोष नाही, माणसांचा आहे.

आणि अजून एक, तुमची पद्धत फार वेळखाऊ आहे. रोज शंभर फॉरवर्ड येतात, प्रत्येकाचं गिळलेलं वाक्य शोधत बसलो तर झोपायचं कधी.

---

आडवाट

@कडू_काढा, शेवटच्या मुद्द्यावर हरलो, सगळ्यांचं नाही करता येत, करूही नये. ज्यावर निर्णय अवलंबून आहे त्याचंच करावं.

पण घसरगुंडी तुम्हीच काढलीत तर तीच घेऊ. "आज याला सूट दिली तर उद्या सगळे मागतील, परवा नियमच राहणार नाही." ही फॅलसी आहे का? उत्तर आहे, माहीत नाही! कधी कधी घसरगुंडी खरीच असते, एकाला सूट दिली की दुसऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही, कायद्यात तर हे रोज होतं. कधी कधी प्रत्येक पायरी नुसती भीती असते. नाव घेतल्याने यातलं काहीच कळत नाही, पायऱ्या एकेक करून बघाव्या लागतात. एक साधं गणित सांगतो, समजा पाच पायऱ्या आहेत आणि आधीची पायरी झाली तर पुढची होण्याची शक्यता प्रत्येक वेळी ८० टक्के, म्हणजे प्रत्येक पायरी वेगळी बघितली तर "होणारच की" असं वाटतं. पाचही होण्याची शक्यता किती? ०.८ पाच वेळा गुणा, जेमतेम ३३ टक्के येते. म्हणजे प्रत्येक पायरी पटते आणि शेवट मात्र न होण्याचीच शक्यता जास्त. हे "घसरगुंडी!" असं ओरडून नाही कळत.

आणि समोरच्याच्या युक्तिवादात फॅलसी सापडली म्हणजे त्याचा निष्कर्ष खोटा ठरला, ही स्वतःच एक चूक आहे. वाईट कारणं देऊन माणूस खरं बोलू शकतो.

---

कडू_काढा

बरं, नावं + पायऱ्या. मांडवली करू :)

---

मुक्ता_

मी आकडेवारीत काम करते म्हणून "पुरेसं आहे का" या तिसऱ्या प्रश्नावर एक क्लासिक देते. एक आजार हजारात एकाला असतो. चाचणी अशी की आजारी माणूस सुटत नाही, पण निरोगी माणसाला १०० पैकी ५ वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाची चाचणी केली, पॉझिटिव्ह आली, तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण ९५ टक्के म्हणतात. १९७८ मध्ये हार्वर्डमध्ये ६० डॉक्टर आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना जवळपास हेच विचारलं होतं, सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर ९५ टक्केच होतं, बरोबर उत्तर देणारे पाचात एकापेक्षाही कमी होते.

टक्के सोडा, माणसं मोजा. हजार माणसं घ्या. आजारी १. निरोगी ९९९, त्यातले ५ टक्के म्हणजे जवळपास ५० जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यातला खरा आजारी १. म्हणजे सुमारे २ टक्के!

इथे गिळलेलं वाक्य कुठलं? "चाचणी ९५ टक्के बरोबर, म्हणून पॉझिटिव्ह आलेला ९५ टक्के आजारी." आडवाटांचा लोखंडाचा गोळाच आहे हा, दिशा उलटली. निरोगी असताना पॉझिटिव्ह येण्याची शक्यता आणि पॉझिटिव्ह असताना निरोगी असण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण याचा अर्थ चाचण्या बोगस असा काढू नका कृपया. लक्षणं आहेत म्हणून डॉक्टरांनी चाचणी सांगितली असेल तर तुम्ही "हजारातला एक" या गटातले नसताच, तुमच्या गटात आजारी माणसांचं प्रमाण आधीच बरंच जास्त असतं, मग तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट खूप जास्त वजनदार होतो.

---

झुळूक

मुक्ताताई, माणसं मोजल्यावर कळलं. टक्क्यांत दोनदा वाचलं तरी डोक्यावरून गेलं होतं.

गणोबा, मी करू का प्रयत्न? ३-५-७

---

गणोबा

बसतं.

---

झुळूक

१-२-५०

---

गणोबा

बसतं!

---

झुळूक

६-४-२

---

गणोबा

नाही बसत.

---

झुळूक

मग चढत्या क्रमाने लावलेले कुठलेही तीन आकडे. एवढंच.

---

गणोबा

बरोब्बर!! बाकी काही अट नाही.

आता मजा बघा. हा प्रयोग पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये केला होता. रानवारांनी जे केलं तेच बहुतेक लोक करतात, मनात एक नियम धरतात आणि त्यात बसणारेच आकडे विचारत राहतात. प्रत्येक "बसतं" ने खात्री वाढत जाते आणि माहिती काडीची वाढत नाही, कारण ८-१०-१२ हे त्यांच्या नियमातही बसतं आणि माझ्याही. झुळूकने ३-५-७ विचारलं तिथे "सम आकडे" मेला, १-२-५० ला "दोनने वाढणारे" मेला. आपला अंदाज खरा असेल तर उत्तर "नाही" यायला हवं असा प्रश्न विचारायचा असतो.

---

रानवारा

अहो पण मला तीन वेळा "बसतं" मिळालं, खात्री वाटणारच ना! नाही म्हटलं असतंत एकदा तर विचार केला असता.

---

गणोबा

तेच तर :)

---

वैद्यबुवा

गणोबांचं वाचून राहवलं नाही. आमच्या पेशातली खरी गोष्ट सांगतो, लांब आहे पण या धाग्यात बसते असं वाटतं.

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुइणी. बाळंतज्वराने पहिल्या विभागात बायका कितीतरी जास्त मरायच्या, १८४६ मध्ये पहिल्यात ११.४ टक्के आणि दुसऱ्यात २.८ टक्के. इग्नाझ सेमेलवाइस तिथे असिस्टंट होता. त्याने काय केलं बघा. हवेत दोष आहे म्हणाले, तर हवा दोन्ही विभागांना तीच, मग फरक का? गर्दीमुळे म्हणाले, तर दुसऱ्या विभागात गर्दी उलट जास्त होती, कारण बायका पहिल्यात जायला घाबरायच्या. कोणी म्हणालं मरणाऱ्यांसाठी येणारा पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जातो त्याच्या धास्तीने, तर त्याने पाद्रीला घंटा न वाजवता दुसऱ्या वाटेने यायला लावलं. काही फरक नाही. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर झोपून बाळंत होतात म्हणून पहिल्यातही तसं करून बघितलं. तरी नाही.

१८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागून वारला आणि त्याची लक्षणं अगदी बाळंतज्वरासारखी. सेमेलवाइसला सुचलं की विद्यार्थी आणि डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूती करायला येतात, सुइणी शवविच्छेदन करत नाहीत. मे मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. पहिल्या विभागातलं प्रमाण एप्रिलमध्ये १८.३ टक्के होतं, जूनमध्ये २.२ वर आलं.

आता कोणी म्हणेल, हे केल्यानंतर ते झालं म्हणजे यामुळेच झालं, हा तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! नुसतं एप्रिल-जून बघितलं तर आक्षेप खराच आहे. पण त्याआधी त्याने एकेक फांदी तपासून बाद केली होती, दोन विभागांतला फरक आधीच समोर होता, आणि या एका कारणाने तो फरकही उलगडत होता आणि कोलेच्काचा मृत्यूही. म्हणून मला आडवाटांचा मुद्दा पटतो, "नंतर म्हणून त्यामुळे" हे नाव घेऊन हा युक्तिवाद उडवला असता तर किती बायका गेल्या असत्या. तसे गेल्याच म्हणा, कारण त्या काळच्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी त्याचं मानलं नाही.

आणि हो, त्याचं स्पष्टीकरण अर्धवटच होतं. जंतूंची थिअरी अजून यायची होती, तो प्रेतातल्या कणांना दोष देत होता. हात धुवा हे मात्र बरोबर.

---

नैयायिक_नाना

वा वैद्यबुवा. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही त्यात आलं. कारण असतं तिथे कार्य असतं, कारण नसतं तिथे कार्य नसतं. नुसत्या अन्वयावर खूश होणारे रानवारा असतात (हलके घ्या).

---

रानवारा

घेतलं हलके. सगळ्यांनी आज मलाच धरलंय.

पण मला मूळ धाग्यावरच एक विचारायचंय. हे सगळं करून कोणाचं मत बदलतं का हो? मी तरी वादात लॉजिकने पटलेला एक माणूस बघितलेला नाही. गिळलेलं वाक्य काढून दाखवलं तर माणूस अजून चिडतो.

---

आडवाट

@रानवारा, चारचौघांत काढून दाखवलं तर चिडणारच, कोणाला आवडेल? एकट्याला विचारलं की "तू असं असं धरून चालला आहेस का?" तर बरेचदा "नाही, तसं नाही, थोडं वेगळं" असं म्हणून माणूस स्वतःच दुरुस्त करतो. मत तिथल्या तिथे बदलत नाही हे मान्य.

दुसरं म्हणजे प्रत्येक बोलणं पटवण्यासाठी नसतंच. डग्लस वॉल्टन या कॅनेडियन तत्त्वज्ञाने संवादांचे प्रकार पाडलेत. पटवणं, शोध घेणं, वाटाघाट, काय करायचं ते ठरवणं, माहिती घेणं, आणि नुसतं भांडण. नानांच्या वाद-जल्प-वितंडा सारखंच, जरा जास्त खाने. धमकी हे उदाहरण घ्या. "नाही केलंत तर आम्ही संपावर जाऊ" हे वाटाघाटीत चालून जातं, तो तिथला नेहमीचा डाव आहे. पण "माझं म्हणणं खरं माना नाहीतर संपावर जाऊ" हे हास्यास्पद आहे, कारण संपाने काही खरं-खोटं ठरत नाही. वाक्य जवळपास तेच, खेळ वेगळा.

तिसरं, मी हे मुख्यतः स्वतःच्या मतांवर वापरतो. तिथे समोरचा चिडण्याचा प्रश्न येत नाही.

---

कडू_काढा

स्वतःच्या मतांवर वापरणारा माणूस बघायला तिकीट लावलं पाहिजे.

बरं एक शेवटचं. तज्ज्ञांचं काय? "अधिकाराचा दाखला ही फॅलसी" म्हणून लोक डॉक्टर-शास्त्रज्ञ सगळ्यांनाच उडवून लावतात, आणि तेच लोक कुठल्यातरी नोबेलवाल्याचं वाक्य फिरवतात. सगळं स्वतः तपासणं तर शक्य नाही. मग कोणाचं मानायचं?

---

मुक्ता_

लायनस पॉलिंग आठवले. दोन नोबेल, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं, दोन्ही एकट्याला, वाटून नाही. आणि १९७० पासून सांगत होते की क जीवनसत्त्वाचे मोठे डोस रोज घेतले की सर्दी टळते. नंतरच्या चाचण्यांमध्ये सर्वसामान्य लोकांत सर्दी टळते असं काही दिसलं नाही, नियमित घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते एवढंच.

---

रानवारा

म्हणजे दोन नोबेलवाल्यालाही मानायचं नाही? मग आम्ही पामरांनी काय करायचं.

---

आडवाट

मानायचं ना, रासायनिक बंधांबद्दल डोळे झाकून मानायचं. गिळलेलं वाक्य बघा: "एका क्षेत्रातला थोर माणूस दुसऱ्या क्षेत्रातही बरोबर असतो." लिहून काढलं की हसू येतं.

@कडू_काढा, तज्ज्ञाचा दाखला ही मुळात फॅलसी नाहीच, रोजचं जगणं त्यावर चालतं. वॉल्टनने त्यासाठी काही प्रश्न सुचवलेत, माझ्या शब्दांत सांगतो. हा माणूस नेमक्या याच विषयातला आहे का. तो नक्की काय म्हणाला, की कोणीतरी त्याच्या तोंडी घातलंय (इथेच निम्मे फॉरवर्ड गळतात). त्याच विषयातले बाकीचे लोक काय म्हणतात. त्याचं म्हणणं पुराव्यावर आहे की नुसतं मत. आणि तसं म्हणण्यात त्याचा काही फायदा आहे का.

यातला तिसरा मला सगळ्यात वजनदार वाटतो. फायद्याचा मुद्दा लोक सगळ्यात आधी काढतात कारण तो सोपा आणि चटकदार आहे, पण फायदा असलेला माणूस खरंही बोलत असतोच, त्याने फक्त अजून एकदा तपासायचं कारण मिळतं. पॉलिंगच्या बाबतीत फायद्यापर्यंत जायची गरजच नव्हती, सर्दीवर चाचण्या करणारे काय म्हणतात ते बघितलं की काम झालं.

---

झुळूक

आणि त्या विषयातल्या लोकांमध्येच दोन तट असतील तर?

---

आडवाट

तर मग "तज्ज्ञ म्हणतात" हे वाक्य दोन्ही बाजूंना वापरता येणार नाही. तट किती मोठे आहेत ते बघायचं, शंभरात दोघं वेगळं म्हणताहेत की निम्मे-निम्मे. निम्मे-निम्मे असतील तर आपणही तेवढ्याच सैल मुठीने मत धरायचं, आणि निर्णय घ्यायचाच असेल तर कुठली चूक महाग पडेल ते बघून घ्यायचा.

---

कडू_काढा

हे पटलं. पण नावं मी पाठ करणारच.

---

नैयायिक_नाना

करा हो. २२ निग्रहस्थानं आहेत, २४ जाती (म्हणजे फसवी प्रत्युत्तरं) आहेत, ३ छल आहेत. वेळ जाईल चांगला.